तिची बारी

दादाला अर्धांगवायूचा झटका आला, त्यात त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. महिनाभराने वाचा थोडी परत आली, पण चारच शब्द घेऊन. बँक, किस, भूत आणि लांब. पाणी हवं असलं तरी तो यांतलाच एखादा शब्द उच्चारायचा आणि आपणच चुकीचं बोललो हे कळून मान हलवायचा. डॉक्टरांनी समजावलं होतं, त्यांना सगळं कळतं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही. हाताला येईल तो उचलतात.

मी धुळ्यात एका शाळेत चित्रकला शिकवायची. नुकतीच निवृत्त झाले होते, घरी एकटीच. त्यामुळे जळगावहून भाच्याचा फोन आला तेव्हा दोन पातळं जास्तीची घेऊन निघाले. भाचा पाइपच्या कारखान्यात नोकरीला, सकाळी आठला बाहेर पडायचा. घरात त्याची बायको आणि दादा. वहिनी दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेली होती. सूनबाई चांगली मुलगी, पण बोलू न शकणाऱ्या सासऱ्यासोबत दिवसभर एकटं राहणं तिला जड जात होतं. मी गेले त्या दिवशी तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्यातच डोळे पुसले.

दादाचं घर वर होतं आणि खाली त्याचं पूल पार्लर, काठीने बॉल मारायच्या खेळाचं. जळगावात पूल खेळणं म्हणजे वाया जाणं असं लोक समजत त्या काळात त्याने तीन टेबलं टाकली होती. कॉलेजची मुलं यायची, सोनारांची पोरं यायची, टायरच्या दुकानाचे मालक असलेले त्याचे एक मित्र रोज संध्याकाळी यायचे. वहिनी गेली आणि दादाने शटर ओढलं ते गिऱ्हाइकांसाठी परत उघडलंच नाही. दोन टेबलं दोंडाईच्याच्या एका माणसाला दिली. तिसऱ्यावर कापड टाकून ठेवलं. का ठेवलं हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. लहानपणी कॅरम खेळलो तेवढंच. दादाच्या धंद्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. जळगावला आले की मागच्या जिन्याने थेट वर जायची, वहिनीच्या हातचं खायची आणि परतीची बस धरायची.

आता त्याच्या चार शब्दांनी घरात काय काय झालं होतं ते सूनबाईने मला सांगितलं. आधी तो सारखा बँक बँक म्हणायला लागला. भाच्याला वाटलं, खात्याचं काही राहिलंय. त्याने एका शनिवारी सुट्टी काढली, रिक्षा आणली, दादाला दोघांनी धरून खाली उतरवलं आणि बँकेत नेलं. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं. दादाने चारी बाजूंना पाहिलं आणि ढसाढसा रडायला लागला. भाचा शरमून त्याला परत घेऊन आला.

मग किस. हा शब्द ऐकून सूनबाईला वाटलं, बाबांना बटाट्याचा किस खायचाय. एकादशीला वहिनी करायची तसा तिने केला, शेंगदाण्याचं कूट घालून, मिरची कमी टाकून. दादाने एक घास खाल्ला आणि ताटली हळूच बाजूला सारली. त्यानंतरही किस किस चालूच. तेव्हा तिच्या मनात दुसराच अर्थ आला आणि ती त्याच्यासमोर जाताना पदर सावरायला लागली. हे मला सांगताना ती लाल झाली. ‘आत्या, बाबा तसे नाहीत हो. पण मी काय समजू?’

आणि भूत. हा शब्द तो सगळ्यात जास्त बोलायचा. डावा हात उचलून खाली, जमिनीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, ‘भूत. भूत. लांब.’ मग डोळे भरायचे.

शेजारी एक म्हातारी राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. ती येऊन बसली, दादाचं ऐकलं आणि मला स्वयंपाकघरात घेऊन आली. ‘तुनी वहिनी आठेच शे, माय,’ ती हलक्या आवाजात म्हणाली. ‘कोठे जाई ती? बठ्ठा घरमा धूप फिराव.’

वहिनी अजून घरातच आहे असं अक्का म्हणते, म्हणून सूनबाईने त्याच संध्याकाळी साऱ्या घरात धूप फिरवला. मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कारण ते घर मलाही खायला उठत होतं. एप्रिल सरत आला होता. जळगावात दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. खिडक्यांना ओले पडदे, कूलरची घरघर, सगळं घर अर्धवट अंधारात. त्या वेळी दादा जागा असायचा. पलंगावर टेकून जिन्याच्या दाराकडे बघायचा. एकदा मी वळून पाहिलं, तर त्याची नजर दारात थांबलेली नव्हती. ती हळूहळू सरकत होती. कोणी दारातून आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी जावं तशी. मी उठून दिवा लावला.

दोन-तीन दिवसांनी ते टायरवाले भाई भेटायला आले. दादाचे जुने मित्र, त्याच्याच वयाचे. दर आठवड्याला येऊन अर्धा तास बसायचे, पण त्यांच्यासमोर दादा गप्प राहायचा. नुसता त्यांचा हात धरून बसायचा. त्या दिवशी ते निघाले तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, ‘भाई, दादा सारखा बँक बँक म्हणतो. याचा काही अर्थ असेल का?’

ते थबकले. ‘बँक म्हणतो? तो?’

‘हो. आणि किस.’

‘ताई, किस म्हणजे बॉल बॉलला परत घासतो ते. खेळातला शब्द आहे.’ ते हसले नाहीत. ‘पण बँक कसं म्हणेल तो? तो तर डबल म्हणायचा. आयुष्यभर यावरून माझं आणि त्याचं भांडण.’

मी त्यांना परत आत बोलावलं. दादाला झोप लागली होती. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. मी माझी चित्रकलेची वही काढली आणि एक लांबट चौकोन काढून त्यांच्यापुढे ठेवला. चार कोपऱ्यांना चार पॉकेटं, म्हणजे बॉल पडायच्या जाळ्या, आणि लांब बाजूंच्या मधोमध एकेक, हे त्यांनी काढलं.

‘हे बघा,’ ते म्हणाले, ‘टेबलाच्या कडेला आतून रबर असतो, त्याला कुशन म्हणतात. पांढऱ्या बॉलने रंगीत बॉलला मारलं, रंगीत बॉल कुशनला जाऊन आपटला आणि तिथून उलटून पॉकेटात गेला, तर तो बँक. तुमचे दादा आधी स्नूकर शिकले, असाच दुसरा खेळ, स्नूकरवाले त्याला डबल म्हणतात. म्हणून त्याचं डबल, माझं बँक. गोष्ट एकच.’

‘आणि पांढराच आधी कुशनला लागला तर?’ मी विचारलं.

‘तर ती किक. लोक दोन्ही एकच समजतात. पण बँकमध्ये आपण दुसऱ्याला भिंतीवर धाडतो आणि किकमध्ये स्वतः भिंतीवर जाऊन मग दुसऱ्याला भेटतो.’

‘लांब?’

‘लांब बँक. टेबलाच्या लांबीभर जाऊन परत येणारा. अवघड. पण लांब म्हणजे दुसरंही असतं. बॉल कुशनवरून उलटताना हवा त्याहून पुढे निघून गेला की आम्ही म्हणतो लांब गेला. अलीकडे पडला की आखूड.’

मी शेवटचा शब्द विचारला. ‘भाई, भूत असं काही असतं का?’

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. 

‘असतं,’ ते म्हणाले. ‘रंगीत बॉलला लागताना पांढरा जिथे असायला हवा तिथे एक बॉल आहे असं मनाने बघायचं. त्या नसलेल्या बॉलच्या जागी पांढरा नेऊन पोचवायचा. इंग्रजीत त्याला घोस्ट बॉल म्हणतात. आमच्यात भूत कोणीच म्हणत नव्हतं. एकच व्यक्ती म्हणायची. ती बँकही म्हणायची, कारण तिने तो शब्द माझ्याकडून उचलला होता.’

‘कोण?’

‘तुमची वहिनी.’

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझी वहिनी डोक्यावर पदर घेणारी. भरीत करताना चुलीवरची वांगी उचलायला चिमटाही न वापरणारी. ती खालच्या पार्लरमध्ये पाय ठेवते हेही मला माहीत नव्हतं.

‘दुपारी खेळायच्या,’ भाई म्हणाले. ‘दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. शटर अर्धं ओढून दोघं खेळायची. मी एकदा चुकून वेळेआधी आलो तेव्हा कळलं. दादाने मला शपथ घातली, कोणाला बोलू नको, लोक हसतील. मग कधी कधी मीही जायचो. वहिनी लवकर शिकल्या. पण बँकचा एक फटका त्यांना कधी जमला नाही. समोरच्या कुशनवरून सरळ उलटून आपल्या बाजूच्या मधल्या पॉकेटात. प्रत्येक वेळी उलटा आलेला बॉल पांढऱ्यालाच येऊन भेटायचा. किस व्हायचा. त्या चिडायच्या. म्हणायच्या, भाई, तुमचं भूत मला दिसतं हो, पण ते मध्येच उभं राहतं.’

सूनबाई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवताना बशा वाजल्या. ‘सासूबाई मला म्हणायच्या, खाली झाडून येते,’ ती म्हणाली. ‘रोज दुपारी झाडायला जायच्या.’

म्हणजे दादाकडे जे चार शब्द उरले होते ते त्याचे नव्हतेच. त्याच्या तोंडातून वहिनी बोलत होती. 

संध्याकाळी भाचा आला तेव्हा आम्ही त्याला सांगितलं. तो बूटही न काढता खुर्चीत बसला. मग म्हणाला, ‘आत्या, दिवाळीच्या साफसफाईत मी त्या टेबलावरचं कापड काढलं होतं. खाली क्लास चालवायला जागा द्यायची होती, म्हणून मोजमाप घेत होतो. टेबलावर दोन-चार बॉल पडलेले होते, ते मी गोळा करून डब्यात भरले. बाबा जिन्यात उभे होते. त्यांनी पाहिलं. नुसते वर गेले.’

दादाला झटका आला तो त्यानंतर काही आठवड्यांनी.

उरलेलं भाईंना माहीत होतं, ते त्यांनी फोनवर सांगितलं. वहिनी गेली त्या दुपारी ती दोघं खालीच होती. डाव अर्धा झाला होता. तिची बारी होती आणि समोर तोच बँक आला होता, तिला न जमणारा. ती म्हणाली, जरा छातीत भरून आलंय, वर जाऊन पाणी पिऊन येते, बॉल हलवू नका. जिना चढली आणि वरच्या पायरीवर बसली, ती तिथेच. तेराव्यानंतर दादाने टेबलावर कापड टाकलं ते बॉल होते तसे ठेवून. हे त्याने एकट्या भाईंना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाच्याने शटर उचललं. बंद जागेचा कोंदट वास आला, खडूसारखा. आम्ही तिघांनी दादाला धरून मागच्या जिन्याने खाली आणलं. भाई आधीच आले होते. त्यांनी कापड काढलं, टेबल पुसलं, डब्यातले बॉल काढून फडक्याने स्वच्छ केले आणि ट्रेमध्ये मांडून दादासमोर धरले.

दादाने आमच्यापैकी कोणाकडेच पाहिलं नाही. डावा हात पुढे केला आणि आधी पांढरा उचलला. मी त्याचं कोपर धरलं होतं. त्याने पांढरा आपल्या बाजूला ठेवला, मधल्या पॉकेटाच्या जवळ. मग निळा घेतला आणि पलीकडच्या कुशनकडे बोट केलं. हात पोचेना. भाईंनी निळा तिथे ठेवला. दादाने मान हलवली. ‘लांब.’ भाईंनी जरा अलीकडे घेतला. ‘लांब.’ आणखी जरासा. नंतर आणखी दोन बॉल कोपऱ्यांजवळ. बोटभर इकडे, नखभर तिकडे, असं किती वेळ चाललं कोण जाणे. सूनबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता. शेवटी दादाने हात मागे घेतला. टेबलाकडे पाहिलं. त्याचा चेहरा सैल झाला, झोपेत होतो तसा.

भाच्याने भिंतीवरची काठी काढून हलकेच वडिलांपुढे धरली. ‘बाबा, तुम्ही मारता?’

दादाने काठी ढकलली. भाईंनी विचारलं, ‘मी मारू?’ त्यावर तर तो चिडला. ओठ हलले, मान थरथरली, आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडून धड दोन शब्द बाहेर आले.

‘तिची बारी.’

 भाचा वळला आणि त्याने काठी जागेवर अडकवली.

त्यानंतर रोज दुपारी दादाला खाली जायचं असायचं. दोन वाजले की तो पाय पलंगाखाली सोडून बसायचा. सूनबाई आणि मी त्याला उतरवायचो, टेबलाच्या एका टोकाशी खुर्ची ठेवायचो आणि मी शेजारी स्टुलावर बसायची. शटर अर्धं खाली. त्याखालून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि टेबलाच्या पायापर्यंत पोचायचा. पंखा फिरायचा. दादा टेबलाकडे बघायचा.

पहिल्या दिवशी मी भरतकाम घेऊन बसले होते. मान वर केली तर त्याची नजर बॉलवर नव्हती. ती टेबलाच्या पलीकडे, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती आणि सरकत होती. कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली. मग परत फिरली, मधल्या पॉकेटाशी आली आणि खाली झुकली. खेळणारा माणूस मारण्याआधी टेबलाभोवती फिरून अंदाज घेतो आणि शेवटी वाकतो, तशी ती नजर चालली होती. वाकल्यावर दादा श्वास धरायचा. मग कोणी सरळ उभं राहावं तशी नजर वर यायची आणि तो श्वास सोडायचा. पुन्हा पहिल्यापासून.

मी भरतकाम बाजूला ठेवलं. मला पळून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. एकदा ती नजर माझ्या अगदी जवळून गेली, माझ्या आणि टेबलाच्या मधून. मी नकळत स्टूल मागे ओढलं. वाट द्यावी तसं. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आभार मानावेत तशी.

हे मी सूनबाईला सांगितलं नाही. पण तिलाही काहीतरी दिसत असावं, कारण चहा घेऊन खाली आली की ती टेबलाच्या त्या बाजूने कधीच यायची नाही. लांबून वळसा घालून यायची.

असे बरेच दिवस गेले. इकडे दोंडाईच्याच्या माणसाचा फोन येत होता. तिसरं टेबल कधी देता? क्लासवाल्या बाईंनाही जूनच्या आधी जागा हवी होती. भाचा दोघांनाही थांबा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, नको देऊस. तो म्हणाला, ‘आत्या, मीही देणार नाही. पण बाबा असे किती दिवस बसणार? ती येणार नाही हे त्यांना कोण सांगणार?’ 

मग तो दिवस उजाडला. मे महिना अर्धा सरला होता. ऊन एवढं होतं की दादाने त्या दुपारी खाली जायचं नाव काढलं नाही. जेवला आणि झोपला, फार दिवसांनी गाढ. आम्हीही आडव्या झालो. चारच्या सुमारास जाग आली तेव्हा तो उठून बसला होता. चेहरा ताजा दिसत होता. मला म्हणाला, ‘बँक.’

‘चल, जाऊ,’ मी म्हटलं. ‘आधी पंखा लावून येते.’

मी खाली गेले. शटर सकाळी उचललं होतं तेवढंच उचललेलं होतं. पंखा लावला आणि वळले. टेबलावर निळा बॉल नव्हता.

मला आधी वाटलं, कुशनच्या सावलीत असेल. मी जवळ गेले. निळा मधल्या पॉकेटाच्या जाळीत होता. कोपऱ्यांजवळचे दोन बॉल जागच्या जागी. पांढरा मात्र डावीकडे सरकून कुशनला टेकून थांबला होता.

मी कशालाही हात लावला नाही. वर जाऊन सूनबाईला उठवलं. ती माझ्या आवाजानेच घाबरली. ‘मी नाही, आत्या. मी तर काठीला कधी हातही लावलेला नाही.’ भाच्याला फोन केला, तो कारखान्यात होता. भाईंना बोलावलं. ते दुकान तसंच टाकून आले.

ते टेबलाभोवती एक चक्कर फिरले. वाकून पांढऱ्याकडे पाहिलं. त्याच्यावर काठीच्या टोकाला लावतात त्या चॉकचा निळसर ठिपका होता. बॉल तर त्यांनी स्वतः पुसून ठेवले होते.

‘हाताने कोणी पॉकेटात टाकला असेल,’ मी म्हणाले. ‘बाहेरून कोणी आत आलं असेल.’

‘टाकला असेल,’ भाई म्हणाले. ‘पण मग पांढरा इथे कसा? ताई, सरळ मारलं की किस होतो, ते मी सांगितलं होतं. तो टाळायचा तर निळ्याला जरा कडेला लागायचं आणि पांढऱ्याला एका बाजूने फिरकी द्यायची. तसं मारलं की पांढरा बाजूला सरकतो आणि निळ्याला वाट मोकळी होते. तो सरकून बरोबर इथे येतो. मी वहिनींना हेच शिकवत होतो. त्यांना फिरकी कधी जमली नाही.’ त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. ‘कोणी मुद्दाम ठेवायला गेलं असतं तर पांढऱ्याला इथे ठेवायचं त्याला सुचलं नसतं.’

मी भिंतीकडे पाहिलं. काठ्या आपापल्या जागी होत्या. दादा एकट्याने जिना उतरू शकत नव्हता. उतरला असता, तरी एका हाताने, तेही डाव्या, असा फटका मारणं शक्य नाही असं भाई म्हणाले. पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

आम्ही दादाला खाली आणलं. त्याला सांगावं की नाही, यावर जिन्यात आमचं कुजबुजत बोलणं झालं, पण लपवणार कसं? तो टेबलापाशी आला, एकदाच पाहिलं आणि खुर्चीत बसला. मग डावा तळवा टेबलाच्या लाकडी कडेवर हळूहळू आपटायला लागला. भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर त्यांनी मला सांगितलं, समोरच्याचा फटका चांगला बसला की खेळणारे टेबलावर असंच थोपटतात. टाळ्यांच्या ऐवजी.

त्या दिवसानंतर दादाने खाली जायचा हट्ट केला नाही. दुपारी झोपायला लागला. जूनमध्ये त्याला चहा हा शब्द सापडला, मग पाणी, मग एक दिवस त्याने सूनबाईला बेटा म्हटलं. वहिनीचे शब्द एकेक करून गळून गेले. शेवटी भूत हा शब्द गेला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण ज्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द दिवसभर आला नाही, त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन रडले. वहिनी आता खरंच गेली असं वाटलं.

टेबल द्यायचं का, हे भाच्याने त्यालाच विचारलं. दादाने मान डोलावली.

दोंडाईच्याहून टेम्पो आला. चार माणसांनी टेबलाचे भाग सुटे केले, आतली दगडी फळी उचलली. दादा वर खिडकीशी बसला होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत त्याने पाहिलं आणि मग चहा मागितला.

क्लासच्या बाई आठवड्याने आल्या. आता तिथे दहावीची मुलं बसतात. दोन महिन्यांतून एकदा मी धुळ्याहून जाते, एक रात्र राहते, दादाशी चार शब्द बोलून येते. चार म्हणजे त्याचे ते चार नव्हेत, आता त्याला पुष्कळ येतात. मागच्या वेळी गेले तेव्हा क्लासला सुट्टी होती. भर दुपारी सूनबाई खाली झाडत होती. टेबल होतं तिथली फरशी ऊन, पाणी न लागल्यामुळे बाकीच्या फरशीपेक्षा उजळ राहिली आहे. मोठा लांबट चौकोन स्वच्छ दिसतो. सूनबाईने आधी भोवताल झाडला. मग चौकोनाच्या कडेशी येऊन क्षणभर थांबली, केरसुणी हातात घेऊन वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूने परत झाडायला लागली.

‘मधलं राहिलं,’ मी म्हणाले.

‘ते नंतर,’ ती म्हणाली, ‘दुपार सरल्यावर.’

 माझी पिशवी दरवाज्याशी होती. ती घ्यायला मी निघाले, आणि सरळ चार पावलांचा रस्ता समोर असताना भिंतीच्या कडेकडेने गेले.